नात्याचा रकाना

दोन्ही कान दिसत होते. दोन्ही कान पूर्ण दिसलेच पाहिजेत, कपाळावर बट नको, मागे पांढरा पडदा, आणि हसायचं नाही, असं फोटोवाल्याने चारचारदा बजावलं होतं, आणि शेवटी वैतागून, “मावशी, जरा चेहरा रिकामा करा ना,” म्हणत बटण दाबलं होतं... चेहरा रिकामा कसा करतात हे त्रेपन्न वर्षांत तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण झाला असावा, कारण दोन पेरांएवढ्या त्या चौकोनातून, केस मागे घट्ट ओढल्यामुळे, जी बाई तिच्याकडे बघत होती ती ताई होती. ताईचेच कान असे बाहेर यायचे. सव्विसाव्या वर्षी गेलेली ताई म्हातारी झाली असती तर कशी दिसली असती, हे तिला आज, या हॉलमध्ये, एका व्हिसाच्या फोटोने दाखवावं!

तिने फोटो पालथा घातला आणि फाइल मिटली. पुन्हा उघडली. पासपोर्ट, सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा. विमा. जाण्यायेण्याच्या तिकिटांची नोंदणी. बाइंडिंगच्या कारखान्यातल्या मालकांचं पत्र, की या बाई तीस वर्षं आमच्याकडे पुस्तकं बांधतात, त्यांची दोन महिन्यांची रजा मंजूर आहे आणि त्या परत कामावर रुजू होणार आहेत. सही करताना मालक म्हणाले होते, “नाही आलात तर न्यायला येईन तिकडे. मला कोण व्हिसा देतंय, ते सोडा.” लेकीचं निमंत्रणपत्र. लेकीचा जन्मदाखला. आणि सगळ्यात वर अर्ज, चार पानी, तिच्या गोल अक्षरात नीट भरलेला. फक्त तिसऱ्या पानावरचा एक रकाना कोरा. ‘निमंत्रण देणाऱ्या व्यक्तीशी अर्जदाराचे नाते.’

विसरली नव्हती ती. आठ दिवस रोज पेन टेकवत होती त्या रकान्यावर, आणि रोज उचलत होती... गर्दीत लिहू, घाईत लिहू, घाईत लिहिलं की हात आपलाआपण काहीतरी लिहून जातो, असं काहीसं तिने मनाशी ठरवलं होतं. देवाला नाही का, कुणी माउली म्हणतं, कुणी बाप म्हणतं, कुणी चक्क शिव्या घालतं, आणि तो सगळ्यांना ओ देतो. तुमची कागदपत्रं जुळत नाहीत, असं तो कधी म्हणाल्याचं तिने अजून कुठल्या कीर्तनात ऐकलं नव्हतं.

“मावशी, तुमचा नंबर लागला. काउंटर चार,” दारावरचा पहारेकरी म्हणाला.

मावशी. भाजीवाला मावशी म्हणतो, कारखान्यातल्या पोरी मावशी म्हणतात, रस्ता विचारणारा, पिशवी उचलून देणारा, धक्का मारून जाणारा, सगळं जग तिला मावशी म्हणतं, आणि जिची ती खरीखुरी, रक्ताची मावशी, ती एकटीच —

काउंटरवरच्या मुलीने कागद भराभर लावले. हात तयार होता तिचा. कडा जुळवून, टेबलावर दोनदा ठोकून, जसे आपण कारखान्यात फर्मे, छापील कागदांच्या घड्या, ठोकतो तसे. बरं वाटलं तिला. कागद असे हाताळणारं माणूस वाईट नसतं.

“हे कोरं राहिलंय.”

“भरते.”

“थांबा.” मुलीने निमंत्रणपत्र वाचलं, मग जन्मदाखला, मग परत पत्र. भुवया एकमेकींजवळ आल्या. “पत्रात मुलगी लिहितेय, माझी आई माझ्या बाळंतपणासाठी येतेय. आणि दाखल्यावर आईचं नाव दुसरंच आहे.”

“ती माझी थोरली बहीण.”

“म्हणजे... मावशी, तुम्ही आई आहात की मावशी?”

प्रश्न काही मोठ्याने विचारला नव्हता. पण कीर्तनात बुवा प्रश्न टाकून एकदम थांबतात, टाळ थांबतात, आणि साऱ्या मंडपात फक्त तो प्रश्न उरतो, तसं झालं. शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ, जाडजूड फाइल छातीशी धरलेले, सरळ वळून बघायला लागले.

“वाढवलंय मी तिला,” ती म्हणाली. “दीड वर्षाची होती.”

“दत्तक घेतल्याचा कागद?”

“नाही. घरातलीच पोर. कागद कशाला करायचा?”

“अहो, मलाही कळतंय,” मुलगी आवाज उतरवून म्हणाली, आणि तिला खरंच कळत असावं, “पण तिकडचा अधिकारी तुम्हाला बघणार नाही, कागद बघणार. पत्रात आई आणि दाखल्यावर दुसरंच नाव असलं की खोटी माहिती म्हणून नकार येतो, आणि एकदा नकार आला की पुढचा प्रत्येक अर्ज जड जातो. मुलीला सांगा, पत्र दुरुस्त करून पाठव. मेलवर चालेल, खाली प्रिंट मिळते. बारापर्यंत आणलंत तर आजच घेते. नाहीतर पुढची तारीख...” तिने पडद्याकडे पाहिलं. “सव्वीस दिवसांनी.”

सव्वीस, आणि वर निकालाचे पंधरा दिवस, तेही कामकाजाचे. आणि लेकीला डॉक्टरांनी पाच आठवडे सांगितलेले. बोटांवर मोजायचीसुद्धा गरज नव्हती.

“लिहून टाका आत्या, काकू, काहीही,” छातीशी फाइल धरलेले गृहस्थ आपुलकीने म्हणाले. “मला तीनदा नकार आलाय. त्यांना काहीच पटत नाही हो. मी मी आहे हेसुद्धा एकदा पटलं नव्हतं.”

ती हसली. मग बाहेरच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली, फोन हातात, अकराला दहा मिनिटं कमी. लावायचा होता फोन. लावत नव्हती.

बांधणीत एखादा फर्मा चुकीच्या जागी लागतो. पुस्तक बाहेरून झकास दिसतं, पुठ्ठा बसतो, पाठ गोल येते, कुणाला पत्ता लागत नाही. वर्षांनी कुणीतरी सावकाश वाचायला घेतं आणि बत्तिसाव्या पानाचं वाक्य तेहेतिसाव्या पानावर पुढे जातच नाही... दोष खळीचा नसतो, दोऱ्याचा नसतो. जुळणी करणारीच्या हाताचा असतो. आणि तिला माहीत असतं. जुळणी करताना क्षणभर हात अडखळलेला असतो, त्या हाताला माहीत असतं.

मला माहीत होतं.

दीड वर्षाची पोर माझ्या कडेवर, आणि घरभर बायका, आणि त्यांच्यातली एक, कोण ते आठवत नाही, फक्त तिचा ओला पदर आठवतो, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “म्हणतात ना बाई, माय मरो पण मावशी जगो.” चांगल्या मनाने म्हणाली. सांत्वनाला म्हणाली. पण मी बावीस वर्षांची होते, आणि मला ते ऐकू आलं एखाद्या मागणीसारखं, जणू कुणीतरी कधीतरी ते मागितलं होतं, आणि जणू ती मीच होते. ताईचा ताप, तीन दिवस, आणि मी जिवंत. मावशी जगली. बघा, कशी जगली.

आणि पोर बोलायला लागली होती त्याच महिन्यात. सगळ्यांत आधी तिला तोच शब्द आला. “माव्ची.” दाराआड लपून “माव्ची”, भूक लागली “माव्ची”, झोपेत “माव्ची”, आणि दर हाकेला माझ्या पाठीवर तो ओला हात फिरायचा... तिच्या बापाने वर्षात दुसरा संसार मांडला, पोर आमच्याकडेच राहिली, आणि एका दुपारी, भात भरवता भरवता, घास तिच्या तोंडापासून इतकुसा लांब धरून, मी म्हणाले: आई म्हण.

ती म्हणाली, “माव्ची.”

घास मी दिला नाही. देवा, घास दिला नाही मी. फार नाही, दहा-बारा दिवस चाललं ते. मग ती आई म्हणायला लागली आणि मी एवढी रडले की घरच्यांना वाटलं, माया! होतीच माया, तीही होती. पण कुणाच्या तरी हक्काची एकच वस्तू मागे राहिली होती जगात, एक शब्द, आणि तो मी पोरीच्या भुकेच्या बदल्यात काढून घेतला होता. एकतीस वर्षं लेक मला आई म्हणतेय. एकतीस वर्षं ओ देण्याआधी एक क्षण जातो. कुणाला कळत नाही, एवढाच.

अकरा वाजले. तिने फोन लावला. तिकडे सकाळ होती. लेकीच्या मागे कुठेतरी पाण्याचा नळ वाहत होता.

“झालं का गं सगळं?”

तिने सांगितलं. नळ बंद झाला.

“मी नाही लिहिणार,” लेक म्हणाली.

“अगं, एक शब्द तर बदलायचाय.”

“तो एकच आहे माझ्याकडे. त्यांना काय जातंय बोलायला? तू काय आहेस हे मला विचारणारे ते कोण?”

“बाळंतपण कोण करणार मग? ते?”

“आई, हसवू नकोस, पोट दुखतं.”

“मग लिही.”

“नाही म्हणजे नाही. उद्या त्या कागदावर मावशी म्हणून छापलं जाणार, शिक्का बसणार. मी तुला कधी मावशी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.”

व्हरांड्याच्या कठड्याला तिने हात टेकला. इथे गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. लेक रागावली असती, रडली असती, मग समजूतदारपणे तिने लिहिलंच असतं. पोर शहाणी होती. अकरा वाजून चार मिनिटं. वेळ होता, आणि गप्प बसायची एकतीस वर्षांची सवय होती.

“म्हणायचीस,” ती म्हणाली. “आधी मावशीच म्हणायचीस. माव्ची. मी मोडली ती सवय.”

“मोडली म्हणजे?”

“घास धरून ठेवायची. आई म्हटलंस की द्यायची.”

पलीकडे काही नाही. एवढ्या लांबची शांतता कशी येत असेल इथवर, कुठल्या तारेतून, असा एक भलताच विचार तिच्या मनात येऊन गेला. मग, आता ही फोन ठेवणार. मग, ठेवू दे, ठेवायलाच हवा.

“म्हणजे,” लेक हळूच म्हणाली, “माझा पहिला शब्द तो होता?”

“हो.”

“मला वाटायचं, आई असेल. सगळ्यांचा आई असतो.” नाक ओढल्याचा आवाज. “किती घास बुडवलेस माझे?”

“मोजले नाहीत गं.”

“इथे आलीस की वसूल करते.” मग वेगळ्या, कामाच्या आवाजात: “पण कसं लिहू? इथल्या भाषेत मावशी नाहीच आहे. मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्यांना एकच शब्द.”

“एकच? मग यांच्यात भांडणं कोणाशी झाली ते सांगतात कसं?”

“थांब. बघते मी. लिहिते काहीतरी.”

पावणेबारा वाजता खालच्या दुकानातून गरम कागद घेऊन ती जिना चढली. कागदावर काय आहे ते तिला वाचता येत नव्हतं. तिने तो तसाच, घडी न घालता, काउंटरवर ठेवला. मुलीने वाचला, मान हलवली, पेन पुढे केलं.

“छान लिहिलंय. गोंधळच नको म्हणून फोड करून लिहिलंय. आता अर्जात तुम्ही हेच लिहा, शब्दाला शब्द. मी सांगते.” आणि कागदावर बोट ठेवून ती एकेक शब्द आपल्या भाषेत आणत गेली, “निमंत्रण देणाऱ्या व्यक्तीच्या... आईची... सख्खी... धाकटी बहीण.”

तिने लिहिलं. आईची. सख्खी. रकाना लहान होता, अक्षरं बारीक करावी लागली. धाकटी, लिहिता लिहिता हात थांबला. मुलीला वाटलं, शब्द ऐकू आला नाही, तिने पुन्हा सांगितला.

“पंधरा दिवस धरून चाला,” पासपोर्ट ठेवून घेत मुलगी म्हणाली. “देतीलच असं नाही सांगता येत, हं. आईला देतात बहुतेक. मावशीचं आपलं... बघू या.”

“बघू या,” ती म्हणाली, आणि बाहेर पडली.

रस्त्यापलीकडे एक बाक होता, त्यावर ती बसली. कारखान्यात अर्धा दिवस भरता आला असता. उठायला हवं होतं. नाकारला तर? नाकारतीलही. आई लिहिलं असतं तर... ते सगळं होतं, काळजी होती, तिची जागा सोडून कुठे गेली नव्हती. पण तिच्या आधी, तिला बाजूला सारून, दुसरंच काहीतरी छातीत चढून येत होतं, आणि ते काय आहे ते तिला ओळखता येईना. धाकटी. एकतीस वर्षं ती कुणाची धाकटी नव्हती. ताई गेली त्याच दिवशी तिच्या कडेवर पोर आली, आणि कडेवर पोर असलेल्या बाईला कुणी विचारत नाही की तुझं कोण गेलं. आईविना पोरीचं दुःख घरभर झालं, बायकोविना पुरुषाचं झालं, लेकीविना म्हाताऱ्यांचं झालं. आणि मी भात कालवत होते. ताईशी मी बोललेच नाही. बोलणार कशी, तिचा शब्द माझ्याकडे होता. चोर मालकाशी बोलतो का?

ताई, ती मनात म्हणाली. नुसतं म्हणून बघितलं. आता तिचं वय ताईच्या दुप्पट होतं. दुप्पट वयाची धाकटी बहीण. तरी शब्द बरोबर बसला.

रडू येईल, अशी तिने वाट पाहिली. आलं नाही. आलं ते भलतंच, बालिश. राग, नाही, राग मोठ्यांचा असतो. तापाने फणफणलेली, दवाखान्यात जायला दारातून बाहेर पडताना तू मागे वळून म्हणालीस, हिच्याकडे बघ गं जरा, आलेच मी. आलेच म्हणालीस. मी बघत बसले. अजून बघतेय. आणि तू...

समोरून माणसं जात होती, कुणीतरी मावशी, सरकता का जरा, म्हणालं, आणि ती सरकली. पण मान तशीच दुसरीकडे वळवलेली, ओठ घट्ट मिटलेले, त्रेपन्न वर्षांची बाई बाकावर रुसून बसली होती, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तिला वाटत होतं की आता समजूत कुणीतरी आपली काढावी, आपण काढायची नाही.