बंबाच्या पुढे सायकल

आगीचा बंब चालवता चालवता बंबवाल्यांचं पोट स्टेअरिंगला टेकलं, आणि तिथूनच सगळं बिनसलं. अग्निशमन केंद्राच्या साहेबांनी फर्मान काढलं की महिनाअखेरच्या दमसासाच्या चाचणीत जो नापास होईल, तो टेलिफोनवर बसेल. बंबवाल्यांच्या जागी बंब कोण चालवणार हेही ठरलं होतं, आणि तो दुसरातिसरा कोणी नसून त्यांचा जावई होता. म्हणजे धड चिडायचीही सोय नाही.

जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या हे त्यांचं चालूच होतं, पण धावायला लागले की गुडघे कुरकुरत. तेव्हा व्यायाम घेणाऱ्या मास्तरांनी सांगितलं, की धावणं कमी करा आणि जोडीला सायकल धरा. गुडघ्यांना आराम, छातीला काम. लेकीची जुनी सायकल माळ्यावरून खाली आली, पुढच्या टोपलीसकट.

सायकल त्यांना येत होती, रस्ता येत नव्हता. सगळा जन्म बंबावर गेलेला. समोरचं जग आपोआप बाजूला होतं अशीच त्यांची समजूत. पहिल्याच दिवशी ते रस्त्याच्या मधोमध निघाले, तांबडा दिवा दिसताच सवयीने वेग वाढवला आणि भाजीच्या हातगाडीवर आदळले. वर तोंड करून भाजीवाल्यालाच विचारलं, दिसत नाही का म्हणून. घरी ढोपराला मलम लावताना बायको म्हणाली, "अहो, सायकलवर आहात तुम्ही. तुमच्यासाठी कोण थांबणार?" हे त्यांना मलमापेक्षा जास्त झोंबलं.

तरी गडी हटला नाही. हळूहळू दम वाढला, पट्टा आत सरकला. चाचणीच्या दिवशी अंग मोकळं व्हावं म्हणून ते सायकलनेच केंद्रावर निघाले. अरुंद चढाला लागले आणि मागून भोंगा वाजला. त्यांचाच बंब होता. चालवायला जावई, शेजारी साहेब.

शहाण्या माणसाने अशा वेळी कडेला व्हावं. पण तो भोंगा वाजला की पाय दाबायचा, एवढंच बंबवाल्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी पाय दाबला. पुढे टोपलीवाली सायकल, मागे बंब, आणि बंबवाले "सरका, सरका" ओरडत वाट काढतायत. लोक खरोखरच सरकले, आणि इतक्या दिवसांनी त्यांचा जीव सुखावला. मागे जावई रडकुंडीला आला. सासऱ्यांच्या अंगावर बंब घातला तर घरी कोणत्या तोंडाने जायचं?

चढाच्या टोकाला एका बेकरीतून धूर निघत होता; तिच्या दारात सायकल आधी पोचली. सुदैवाने आग नव्हतीच, भट्टीत विसरलेल्या पावांचा नुसता धूर होता. साहेब खाली उतरले. बंबवाले घामाने निथळत होते, पण धाप म्हणून नव्हती. साहेबांनी त्यांची नाडी पाहिली, चढाकडे पाहिलं.

"चाचणी पास," ते म्हणाले. "आणि बंब अडवल्याबद्दल आठवडाभर टेलिफोनवर."

जावयाने हळूच विचारलं, "बाबा, बाजूला का नाही झालात?"

बंबवाल्यांनी तोंड पुसलं. "बाजूला कसं व्हायचं, ते कधी शिकलोच नाही हो जावईबापू."

जावयाला हसू येत होतं, पण सासऱ्यांचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. त्याने सायकल उचलून बंबाच्या मागे बांधली, आणि स्टेअरिंगकडचं दार सासऱ्यांसाठी उघडून धरलं.

"साहेब, आठवडा उद्यापासून धरायचा ना?" जावयाने विचारलं.

साहेब स्टेअरिंगशेजारच्या आपल्या जागेवर जाऊन बसले.