दोन रेघा

"आईची डबी यादीतून काढून टाका," माझा भाचा म्हणाला. "तिथे जाऊन पुन्हा हसं नको."

त्याने हे इतक्या सहज म्हटले, की चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. यांची सहल जिथे निघाली होती, त्या वाळवंटातल्या शहराचा मोठा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता. चार कोपरे उडू नयेत म्हणून चार वाट्या ठेवल्या होत्या. एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला त्याची बायको, आमची सूनबाई, आणि मधल्या खुर्चीवर कप्तान. हे कप्तान कुठल्या जहाजावर कधी चढले नव्हते. कापडी टोपी घालायचे आणि हुकूम सोडायचे, म्हणून मंडळातले लोक त्यांना कप्तान म्हणत.

मंडळ डब्या शोधणाऱ्यांचे. कोणीतरी एखाद्या गावात लहानशी डबी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. बाकीचे मोबाइल घेऊन ती हुडकत जातात, सापडली की आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबी होती तशी ठेवून परत येतात. याला जिओकॅशिंग म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला होता. मग ताईने मला तो समजावून सांगितला आणि मी गप्प बसलो.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, या भाच्याची आई. तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

कप्तानांनी लाल पेन काढले आणि यादीतल्या बाराव्या ओळीवर आडवी रेघ मारली. "चार दिवसांत अकरा डब्या. दमछाक होईल, पण होतील. नाहीतरी बारावी नव्हतीच."

"नव्हतीच म्हणजे?" मी विचारले.

"अहो काका, मी स्वतः जाऊन आलोय ना तिथे. मॉलचं पार्किंग आहे. एकेक खांब चाचपून पाहिला. सिक्युरिटीवाल्याने हाकललं मला."

"ती म्हणाली होती, ठेवली आहे."

"म्हणाल्या असतील हो. मनाला लावून घेऊ नका. वय झालं की होतं असं."

सूनबाई नकाशाकडे बघत राहिली. भाच्याने विषय हॉटेलवर नेला. मीही उठून आतल्या खोलीत गेलो. माझे हे नेहमीचेच. सदतीस वर्षे ग्रंथालयात काढली, तिथे माणसाला आवाज चढवायची सवय लागत नाही. चांगले उत्तर मला सुचते, पण दुसऱ्या दिवशी.

ताईने एकतीस वर्षे मोजणी खात्यात नकाशे काढले. साहेबांच्या खोलीबाहेर उतरत्या फळीचे टेबल, त्यावर दिवा, पुढे वाकून बसलेली ताई. त्या टेबलाने तिच्या पाठीला बाक आणला. एकदा नव्या साहेबांनी तिला सांगितले, "बाई, सेकंद बिकंद सोडा हो. मिनिटापर्यंत लिहा आणि पुढच्या नकाशाला लागा. सेकंद कोण बघतंय?" ताई म्हणाली, "साहेब, एक सेकंद म्हणजे तीस मीटर. तीस मीटरमध्ये एखाद्याचं घर बसतं." साहेबांनी तिला सहा महिने जुन्या नकाशांना ठिगळे लावायला तळघरात पाठवले. तिने ठिगळे लावली. साहेबांनी कबूल केलेली बढती तिच्या धाकट्या सहकाऱ्याला मिळाली. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, तिला काय म्हणालो? "जाऊ दे गं, कशाला वाद." अजून आठवले की मला माझीच चीड येते.

भाचा नोकरीसाठी तीन वर्षे त्या शहरात होता, तेव्हा ताई त्याच्याकडे राहिली. त्यानेच तिला या खेळाची गोडी लावली. पहाटे ऊन चढायच्या आत ती एकटी हिंडायची. परत यायच्या आधी तिने स्वतःची एक डबी लपवली. ती डबी तिच्या टाकाच्या निबांची होती, मोजणी खात्यातली, पत्र्याची.

ती परत आली, आजारी पडली आणि मग वेबसाइटवर एकामागून एक नोंदी यायला लागल्या. सापडली नाही. सापडली नाही. ताई अंथरुणातून म्हणायची, "अरे तिथेच आहे. मी स्वतः ठेवलीय." भाचा म्हणायचा, "आई, तू ठेवायला गेली असशील आणि राहून गेलं असेल." पुढे पुढे तो हे सगळ्यांदेखत, हसून म्हणू लागला. चष्मा सापडेना की, "डबीसारखाच ठेवला असशील!" मग कप्तानांची नोंद आली. ती मला पाठ आहे: 'दीड तास उन्हात फिरलो. इथे डबी नाही आणि कधीच नव्हती. आजीबाईंनी घरबसल्या आकडे टाकलेले दिसतात.'

ताईने ती स्वतः वाचली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "नसेल रे ठेवली मी. डोकं गेलं असेल माझं." जिने आयुष्यभर सेकंद सोडला नाही, ती असे म्हणाली. आणि मी म्हणालो, "होतं गं असं या वयात."

म्हणजे कप्तान आज जे बोलले, तेच मी तेव्हा बोललो होतो. टेबलावरून मी उठून गेलो होतो ते नुसते रागाने नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कोणी नसताना मी यादी घेऊन बसलो. करायचे काय हे ठाऊक नव्हते. नुसती ती लाल रेघ बघवत नव्हती. बाराव्या ओळीखाली वेबसाइटची सूचनाही छापली होती: मालकाने किंवा घरच्यांनी महिनाअखेरपर्यंत जागेवर जाऊन खात्री केली नाही, तर ही नोंद कायमची बंद होईल. सहल पंचवीस ते अठ्ठावीस होती.

मग मला टिंब दिसले.

ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर आकडे असतात. त्यातले टिंब चुकले की पुस्तक भलत्याच कपाटात जाते आणि वर्षानुवर्षे हरवलेले राहते. त्यामुळे माझी नजर आधी टिंबावर जाते. यादीतल्या अकरा डब्यांच्या आकड्यांत टिंबापुढे तीन अंक होते: आठशे बारा, शून्य चव्वेचाळीस, सहाशे सत्तर. ताईच्या आकड्यात टिंबापुढे दोनच. अक्षांशात सदतीस, रेखांशात बावन्न. दोन्ही साठाच्या आत.

आपण साडेदहा वाजले हे दहा टिंब तीस असे लिहितो. ते टिंब दशांशाचे नसते, तास आणि मिनिटे वेगळी ठेवायला असते. ताईनेही तसेच लिहिले होते. चौदा मिनिटे, सदतीस सेकंद. वेबसाइटला सेकंद कळत नव्हते. वेबसाइटने ते मिनिटाचे शतांश म्हणून वाचले; साठातले सदतीस शंभरातले सदतीस झाले.

फरकाचे मीटर काढायला मी गुणाकार केला. तीन वेळा केला आणि तीन वेळा वेगळे उत्तर आले. गणितात मी कच्चाच. चौथ्या आणि पाचव्या वेळी एकच आले: सातशे पस्तीस मीटर. डबी ईशान्येला होती, मॉलच्या पार्किंगपासून सातशे पस्तीस मीटर. नकाशावर मी पट्टी ठेवली. तिथे बारीक अक्षरांत लिहिले होते: जुने पंपघर.

आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. आधी संताप आला. चांगल्या बेचाळीस वर्षांच्या मुलाला, कप्तानाला, डझनभर हुशार लोकांना, वेबसाइटवर बसलेल्या तपासनीसांना एकालाही वाटले नाही की आकडा एकदा तपासून पाहावा. बाई म्हातारी आहे एवढे कळल्यावर बाकी काही तपासायची गरज उरली नव्हती.

रविवारी सकाळी पुन्हा बैठक बसली. मी पट्टी आणि कागद घेऊन टेबलाशी उभा राहिलो. बोलायचे सगळे लिहून आणले होते, पण वाचता आले नाही.

"तिचे आकडे सेकंदांत आहेत," मी म्हणालो. "तुम्ही चुकीच्या जागी शोधलंत."

कप्तानांनी कागद घेतला, टोपी मागे सारली. "काका, छान मेहनत घेतलीत. पण असं कसंही मांडलं तर डबी कुठेही निघेल. माझ्या सासूबाईंची कवळीसुद्धा निघेल!"

भाचा हसला. सूनबाई नाही हसली.

"हसू नकोस," मी भाच्याला म्हणालो. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. "तुझी आई आहे ती. एकतीस वर्षं एका सेकंदासाठी भांडलेली बाई. तू तिला तिच्या अंथरुणात वेडी ठरवलंस. मीही ठरवलं. आणि कप्तान, तुम्ही तर लिहून ठेवलंत. चारचौघांत, जगासमोर. आजीबाईंनी घरबसल्या आकडे टाकले! तुम्ही टोपी घालून घरबसल्या कप्तान झालात, त्याबद्दल कोणी काही लिहिलं का?"

कप्तान लाल झाले.

"मामा, बस जरा," भाचा हळूच म्हणाला. "बीपी वाढेल."

"वाढू दे. यादीत घाल."

"अरे, पण वेळ..."

"मी जाते," सूनबाई म्हणाली. तिने वाटी उचलून नकाशाचा कोपरा मोकळा केला आणि पंपघरावर बोट ठेवले. "शेवटच्या दिवशी सकाळी. कोणी आलं तर या, नाही आलं तर मी एकटी जाईन. आईंनी मला त्या वाटेने दोनदा नेलंय. सावली होती तिथे भिंतीला." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला तेव्हाच बोलायला हवं होतं, मामा."

मलाही जायचे होते. भाच्याने उन्हाचा आकडा सांगितला, डॉक्टरांचे नाव काढले. मी हट्ट धरला नाही. माझे काम पट्टीपाशी होते, ते मी केले होते.

अठ्ठावीस तारखेला सकाळी फोन वाजला. व्हिडिओ कॉल मला नीट घेता येत नाही. आधी माझेच कपाळ दिसले. मग पांढरे ऊन, मातकट भिंत, लोखंडी दार. सूनबाईने फोन धरला होता. भाचा आला होता. कप्तान नव्हते, ते हॉटेलवर पोट धरून बसले होते म्हणे.

भाचा गुडघ्यांवर बसून विटांच्या फटीत चाचपडत होता. एक फट, दुसरी फट. मला वाटले, मी पुन्हा चुकलो. सहावा गुणाकार करायला हवा होता.

तेवढ्यात त्याने हात बाहेर काढला. हातात निबांची डबी होती. कोपऱ्यांना गंज चढला होता, पण झाकण घट्ट होते.

आत छोटी वही होती. त्याने पहिले पान उघडले.

"काय लिहिलंय?" मी विचारले.

"आकडे आहेत." त्याने पानावर बोट ठेवले. "मामा, चौदावर एक रेघ आहे. सदतीसवर दोन रेघा आहेत. बारीक, तिरक्या."

अंशाला गोल, मिनिटाला एक रेघ, सेकंदाला दोन. वेबसाइटच्या चौकटीत त्या रेघांना जागा नव्हती. वहीत होती.

"दोन रेघा आहेत, मामा," तो पुन्हा म्हणाला, जसे काही मी ऐकले नव्हते.

सूनबाईने फोन जवळ नेला. पुढच्या पानांवर ताईने पट्टीने ओळी आखल्या होत्या आणि प्रत्येक ओळीला क्रमांक दिला होता. एक ते चाळीस. चाळीस लोक येतील असे तिने धरले होते. सगळ्या ओळी कोऱ्या होत्या.

"एक नंबरवर कोणाचं नाव लिहू?" भाच्याने विचारले. "तुझं लिहितो. तूच शोधलीस."

"मला नको," मी म्हणालो. "ज्याने हुडकून हातात घेतली त्याने लिहायचं. तिनेच सांगितला होता नियम."

त्याने वही गुडघ्यावर ठेवली. पहिल्या ओळीत नाव लिहिले, तारीख लिहिली. तास लिहिला, मिनिटे लिहिली. मग पेन उचलून थांबला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितले आणि सेकंदही लिहिले. त्यांच्या डोक्यावर त्याने दोन रेघा दिल्या, बारीक, तिरक्या, आईसारख्या.