‘उद्रेक’ची फोड

प्रेमलताला हसण्याची उबळ यायची आणि त्या उबळीने आजवर दोन स्थळं बुडवली होती. एकदा मुलाच्या काकांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला, तेवढं पुरलं. दुसऱ्यांदा तर निमित्तही लागलं नाही. पोरीच्या डोक्यात काहीतरी आहे, असं नागपूरच्या इतवारीभर झालं. हे तिसरं स्थळ मात्र तिला मनापासून हवं होतं. रामटेकच्या जत्रेत तिने या मुलाला, गुणवंतला, पाहिलं होतं. चप्पल चिखलात रुतून तो धपकन पडला आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसला.

तिच्या आईने, जिजाबाईने, पाहुणे यायच्या आधी लेकीची दृष्ट काढली. मीठ-मोहरीसोबत भिवापुरी मिरच्या शेगडीत टाकल्या, पण ठसका काही उठला नाही. ठसका नाही म्हणजे दृष्ट जबर, हे विणकरांच्या त्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक. जिजाबाईने आणखी मूठभर टाकल्या. निखारे विझत आलेत, हे बाईच्या ध्यानातच आलं नाही.

मग पाहुणे आले. गुणवंतचे वडील मनोहरराव मराठीचे मास्तर. प्रेमलता पोहे घेऊन आली, तर त्यांनी नाव-गाव सोडून भलतंच विचारलं.

“उद्रेक म्हणजे काय, सांगता येईल?”

“एकदम उसळून येणं,” ती खाली बघत म्हणाली.

“अर्थ झाला. आता मूळ ऐका. उद् म्हणजे वर. रिच् म्हणजे रिकामं करणं. ‘रिक्त’ त्याच धातूचा, ‘अतिरेक’सुद्धा त्याच घरचा.” मास्तर रंगात आले. “आपलं ‘पेव फुटणं’ घ्या. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. ‘ऊत’ दुधाचा. ‘उमाळा’ झऱ्याचा...”

आत जिजाबाईने चहासाठी शेगडीत नवे कोळसे घातले आणि सुपाने वारा घातला.

“...म्हणून उद्रेक म्हणजे उद्...” मास्तर खोकले. “उद्...” पुन्हा खोकले. धुराचा लोट बैठकीत शिरला. गुणवंत खोकला, प्रेमलताचे वडील ईश्वरदास खोकले. मास्तरांनी डोळे पुसत बोट वर केलं, “उद्...”

प्रेमलताने पदर तोंडात कोंबला. हसू गिळलं, ते परत आलं. पुन्हा गिळलं, ते दुप्पट होऊन आलं. शेवटी ती हातातल्या बशीसकट खाली बसली आणि खदाखदा हसत सुटली. हसता हसताच तिला कळत होतं की सगळं संपलं, आणि तिला फार वाईट वाटत होतं.

“काहून हासून राहिली वं?” आतून जिजाबाई रडकुंडीला येऊन ओरडली.

तेवढ्यात गुणवंतची आई सुभद्राबाई, जी आल्यापासून भिंतीसारखी गप्प होती, तिच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. मग दुसरा. मग बाई मांडीवर थापा मारत हसायला लागली ती थांबेचना.

“अवं, लग्न झाल्यापासून यायच्या व्याख्यानात मले असंच हासू येते,” ती धापा टाकत म्हणाली. “पन एकटीनं कसं हासावं? ईश्वरदासभाऊ, पोरगी मले पाहिजे. तारीख लवकरची काढा.”

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला असं हसताना पाहिलंच नव्हतं.