पितळेची पुली

धाकट्या पुतणीचं लग्न झालं त्या वर्षीच तो म्हातारा रॉक गाणारा आमच्या शहरात आला. तिकिटं तिनंच काढली, बापासाठी म्हणजे माझ्या दादासाठी, आणि माझ्यासाठी. कार्यक्रम मैदानात, दुपारी चारला.

"चारला कसला रे कार्यक्रम?" मी म्हणालो.

"त्यालाही पंच्याहत्तर झाली," दादा म्हणाला. "लवकर जेवून झोपायचं असेल."

आम्ही दोघा भावांनी उभा जन्म शिलाई मशिनं दुरुस्त केली. दुकानात या गाणाऱ्याची एकच कॅसेट आणि भंगारातून आणलेला एक टेप. मशीन जोडून झालं की दादा पहिलं गाणं लावायचा आणि त्याच्या ठेक्यावर पायडल मारून बघायचा. मशीन ठेक्यात चाललं तर गिऱ्हाइकाला द्यायचं, अडलं तर पुन्हा खोलायचं. तेच गाणं रेडिओवर लागलं की तोंड वाकडं करायचा. "हे रेडिओवाले त्याला झोपवतात बघ."

डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं. दादाच्या छातीचा भरवसा नव्हता. "एकदा समोर बसून ऐकतो, मग काय व्हायचं ते होऊ दे," म्हणाला आणि लग्नातला कोट चढवून निघाला.

गाणारा आला. काठीसारखा वाळलेला, केस पांढरेशुभ्र. पहिलंच गाणं आमचं. दादाचा पाय हलू लागला आणि चार ठोक्यांत पुढे निघून गेला. थांबला, पुन्हा ठेका धरला, पुन्हा पुढे. तिसऱ्या वेळी त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"हा तो नव्हे रे," तो म्हणाला. "संपला बिचारा. उगाच आलो आपण."

मला बघवेना.

"दादा, तो बरोबर आहे. आपला टेप पळतो."

"म्हणजे?"

"आणला तेव्हा मोटरची पुली फुटलेली होती. मी लेथवर पितळेची केली. जराशी जाड राहिली, म्हणून कॅसेट जोरात फिरते."

"तुला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात. रेडिओवर ऐकलं तेव्हा. पण तू इतका खूश होतास…"

केसभर फरकासाठी मला तीनतीनदा मशीन खोलायला लावणारा माणूस. मी मान खाली घालून बसलो.

"चाळीस वर्षं त्या माणसाला पळवलंस, गाढवा," तो म्हणाला. "आणि मी शिव्या घातल्या रेडिओवाल्यांना." छातीवर हात ठेवून तो हसत राहिला. मी घाबरलो, पण त्याचं हसू थांबेना.

दुसरं गाणं सुरू झालं तसा त्याचा पाय खुर्चीखालून बाहेर आला. या वेळी तो गाणाऱ्याच्या बरोबर पडत होता, सावकाश. वरच्या सुरावर म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "असू दे, असू दे," दादा पुटपुटला. जुन्या मशिनला तेल सोडताना तो असंच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी टेप खोलायला घेतला. दादानं माझ्या हातातला पेचकस काढून घेतला.

"राहू दे. तिथला तो तिथं. हा आपला."

मग त्यानं पहिलं गाणं लावलं आणि पायडलवर पाय ठेवला.

पुतणीच्या लग्नाला वर्ष व्हायला नऊ दिवस होते, तेव्हा एका मंगळवारी सकाळी दादा गेला.