रोलर फिरवलेली चिकणमाती

अरे, त्या दिवशी साइटवर ताई आणि दादा एकमेकांकडे खाऊ की गिळू असे बघत होते. सख्खी भावंडं हं!

दादा ठेकेदार. टाकीच्या कामासाठी क्रेन यायची होती आणि ती उभी राहणार कुठे, तर तळ्याकाठच्या ओल्या चिकणमातीवर. माती तपासायचं काम ताईचं. तिची सही नाही, तर क्रेन आत नाही. आणि क्रेन चालवणार कोण? ताईचा नवरा!

काल मोजलं तेव्हा माती ताकदीत कमी पडली होती. आज ताई येऊन बघते, तर दादानं सकाळपासून त्या मातीवर रोलर फिरवून फिरवून ठेवलेला.

"मोज आता! दगड केलाय दगड."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. "ही काय खडी आहे, दाबली की बसली?"

"मोज. तोंड कमी चालव."

तिनं चार पात्यांची सळई मातीत खुपसली आणि मूठ पिळली. माती जितकी घट्ट, तितका पीळ जास्त लागतो. काल मनगट दुखलं होतं. आज? पातळ पिठात चमचा फिरावा तशी फिरली! आकडा कालच्या निम्मासुद्धा नाही.

"यंत्र बिघडलंय तुझं."

"डोकं बिघडलंय तुझं! पाण्यानं गच्च भरलीय ती. तू दाबलंस, पाण्याला निघायला वेळच नाही, मग सगळा भार घेतला पाण्यानं. मातीची होती नव्हती ती पकड तू तुडवून मोडलीस. हळूहळू भार टाक, पाणी निघू दे, काही महिन्यांनी पेलेल."

"तोवर काय माशा मारू? सही कर, नाहीतर माझ्या घरात पाऊल टाकू नकोस."

"नाही टाकत, जा!"

तेवढ्यात क्रेन फाटकाशी आली. दादा ओरडला, "या जावईबापू, आत घ्या! का बायकोला घाबरता?" ताई सरळ फाटकात आडवी उभी राहिली.

मग दादाची सटकलीच. रोलरवाल्याला खाली उतरवलं, स्वतः चढला. "तुझ्या नाकावर टिच्चून फिरवतो, बघ!" मधोमध नेऊन थांबवला, दोन्ही हात सोडले. "बुडालो का? सांग, बुडालो का?"

आणि रोलर बसायला लागला ना! आवाज नाही, काही नाही. एका अंगाला, निवांत, म्हशीसारखा.

ताईनं धावत फळ्या टाकल्या, टोकापर्यंत गेली, हात पुढे केला.

"तुझा हात? मेलो तरी चालेल!"

"मर हवं तर. आधी खाली उतर!"

शेवटी रांगतच आला पठ्ठ्या. एक बूट आतच राहिला. उभा राहतो न राहतो तोच, "जावईबापू, क्रेन आत आणा! रोलर ओढायचाय!"

ताई पुन्हा फाटकाकडे वळली. पण तिला आडवं उभं राहावंच लागलं नाही. नवऱ्यानं क्रेन बंद केली, खाली उतरला आणि किल्ली तिच्या चिखलानं माखलेल्या हातात ठेवली.

दादा त्याच्याशीही बोलत नाही आता.