बारा मिसरी डोकी

त्या मिसरी बायकांचं हसू मला बघवत नाही. डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचं फडकं, खाली सिंहाचे पंजे. आमचं सैन्य मिसरहून, म्हणजे इजिप्तहून, परतल्यापासून पॅरिसातल्या प्रत्येक श्रीमंतिणीला मेजाच्या पायांवर त्यांचीच ब्राँझची डोकी हवीत, आणि तीही सोनेरी. मी अकीकाच्या दगडानं त्यांचे गाल घासून चकचकीत करते. त्याआधी माझा नवरा लेआन्द्र पाऱ्यात कालवलेलं सोनं त्यांना फासतो आणि भट्टीवर पारा उडवतो. उडालेला पारा जातो त्याच्याच नाकातोंडात. हात कापतात, हिरड्या सुजल्यात, पुढचे दात पडलेत. हे काम सोड म्हणून मी कंठशोष करते. ऐकेल तर शपथ.

मालक गोबेर यांचा उपाय एकच: सकाळी तोंडात धरायला सोन्याचं नाणं. सोनं म्हणे पारा ओढून घेतं. संध्याकाळी पांढरं पडलेलं ते नाणं मालक आठवणीनं परत घेतात.

गुरुवारी लेआन्द्रला खोकल्याची उबळ आली आणि नाणं गिळलं गेलं. लाजेनं त्यानं ते फक्त मला सांगितलं. मालकांना "हरवलं" म्हणाला. मालकांनी सगळ्यांदेखत त्याला चोर ठरवून हाकललं. त्याचे दात नेले ते कोणी? चोराच्या उलट्या बोंबा.

रविवारी मालक आमच्या दारात उभे.

"झेली, नाणं काढ. नाहीतर पोलीस आणतो."

"माणूस कसा आहे, एवढं तरी विचारा."

"नाणं."

ते त्याच सकाळी शौचाच्या भांड्यात सापडलं होतं. मी अजून धुतलं नव्हतं. तसंच दिलं. मी शिसं देऊन फसवेन या भीतीनं मालकांनी ते दाताखाली धरून चावलं.

"खरं आहे. लेआन्द्र, उद्या ये. बारापैकी तीन डोकी राहिलीत." मग मला म्हणाले, "होतं कुठे?"

"तुमच्या चोराच्या पोटात. आज बाहेर आलं."

नाणं टाकून मालक थुंकत जिना उतरले. लेआन्द्र कित्येक महिन्यांनी पोट धरून हसला. मग वाकून त्यानं नाणं उचललं आणि तीन पाण्यांनी धुतलं.

सोमवारी मी त्याचे बूट खिडकीतून खाली फेकले.

"मर तिकडे! त्या बायकांसाठी मर!"

"बाराच्या बारा सारखी दिसायला हवीत, झेली. दुसऱ्याचा हात लागला की कळतं."

बोलणं नीट फुटत नव्हतं, कारण नाणं तोंडात होतं. तो अनवाणीच जिना उतरला.