सास्तूरच्या बायकांचा खो-खो

निकितानं सास्तूरच्या मैदानावर बायकांचा खो-खो सुरू केला, तेव्हा सोबत फक्त तिची जाऊ होती. दर रविवारी बायका वाढत गेल्या आणि निकिता हौसेनं मोजत गेली. दोन संघांना अठरा जणी हव्या होत्या. आज सतरा भरल्या.

"एकीसाठी अडलं बघा!" ती हळहळली.

कडेला बसलेल्या तिच्या सासूबाई, द्वारकाबाई, पदर खोचत उठल्या. "मला मोजलं न्हाय व्हय?"

"आत्या, तुम्ही पळणार?"

"शाळंत लई पळलीय म्या!"

पहिल्याच डावात त्यांनी सुनेला हुलकावणी देऊन खांबाला वळसा घातला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बघायला आलेल्या पंधरा-वीस जणी चपला काढत ओरडल्या, "आमाला बी घ्या!"

निकितानं चुन्याची पिशवी उचलली. शेजारी दुसरं मैदान आखायला हवं होतं.